वसईच्या वाडीतील एक कष्टकरी आयुष्य

वसईचा इतिहास म्हटला की आपणांपुढे प्रथम किल्ला उभा राहतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांस दिला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजांनी किल्ला घेतला. १८०२ सालच्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह करून आपले स्वातंत्र्य गहाण टाकले. ही सनावळी शाळकरी पोरासही पाठ असते, आणि दरसाल कोणी ना कोणी व्याख्याता ती आपणांस पुन्हा ऐकवतो. त्यात वावगे काही नाही. परंतु मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीतील कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून. हजेरीपत्रके आणि पगारपत्रके चाळण्यात आयुष्य गेल्यामुळे एक खोड जडली आहे. किल्ल्याचा बुरूज पाहिला की मनात येते, हा चुना कोणी मळला, त्याची मजुरी कोणत्या वहीत लिहिली, आणि मळणाऱ्याच्या घरी त्या रात्री भाकरी कोणी थापली?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कधी ना कधी जुन्या दप्तरांत सापडतात. तिसऱ्याचे सापडत नाही. म्हणून आज मी किल्ल्याची नव्हे, तर त्याच मुलखातील एका वाडीतल्या बाईची हकीकत सांगणार आहे. ती १९२८ साली जन्मली आणि २०१९ साली वारली. तिच्या घरच्यांची इच्छा नाव येऊ नये अशी आहे, आणि ती मी पाळणार आहे. आम्ही फुलपाड्याचे लोक तिला नुसते 'बाय' म्हणत असू. आपणांपैकी पुष्कळांनी तिच्याकडून माठाची जुडी घेतली असेल, आणि दोन मिरच्या वर मागूनही घेतल्या असतील.

नंदाखाल ते आगाशी हा जो हिरवा पट्टा, त्यातली ती. समाज कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती. घरात बोली कादोडी. याच बोलीशी अगदी जवळचे नाते असलेली बोली येथील सामवेदी ब्राह्मणांच्या घरीही बोलतात, हे आपल्याच तालुक्यातील कितीतरी लोकांस ठाऊक नसते. सोळाव्या शतकात येथे धर्म बदलले, देवळे बदलली. चुलीपाशी बोलण्याची भाषा मात्र बदलली नाही. पुढे १७३९ साली पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्याबरोबर युरोपीय पाद्रीही बहुतेक गेले. मागे राहिले ते थोडे देशी पाद्री आणि शेतात व खाडीवर राबणारा ख्रिस्ती समाज. राजा गेला, राजाश्रय गेला, तरी हा धर्म येथे टिकला. तो कोणी टिकवला? सायंकाळी दिवा लावून घरातल्या सगळ्यांना गुडघ्यांवर बसवून जपमाळ म्हणून घेण्याचे काम पुरुष करीत नसत, असे जुन्या घरांतली माणसे एकमुखाने सांगतात. याहून जास्त पुरावा मजजवळ नाही. पण बायच्या घरची सायंकाळ मी पाहिली आहे, आणि ती पाहिल्यावर मला फारशी शंका उरली नाही.

बायचे लग्न १९४६ साली झाले. सासरची वाडी दीड एकराची, तीही तेव्हा कुळाने केलेली. वाडी म्हणजे काय हे नव्या वस्तीतल्या श्रोत्यांसाठी थोडे सांगतो. मध्ये विहीर, तिच्यावर बैलाचा रहाट, एका कडेला पावसाचे पाणी धरून ठेवणारे बावखल, आणि पाटाच्या पाण्यावर केळी, नागवेल, वांगी, दुधी, पडवळ, वाल, माठ, मुळा. बांधावर मोगरा आणि अबोली. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले, त्यात वसईच्या या बागायतीचे, उसाचे व केळीचे वर्णन आहे. आगाशीकडची राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी तर सगळ्या मुंबईस ठाऊक होती. पण राजेळी पिकते एकदा, आणि ती सोलणे, तट्ट्यावर मांडणे, उलटणे, संध्याकाळी घरात घेणे, सकाळी पुन्हा मांडणे, आणि शेवटी वाळल्या पानात बांधणे हे आठवडाभर चालते. हे काम सासू, सून आणि पोरी करीत. रहाटावर बैल असे म्हणून बैलाला पेंड मिळे.

आता तिच्या दिवसाचा हिशेब पाहा. रात्री तीनला उठणे. आदल्या सायंकाळी खुडलेल्या भाजीच्या जुड्या केळीच्या सोपाने बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवलेल्या असत; त्या पाटीत भरायच्या, वर फुलांची पुडी ठेवायची. बैलगाडीने विरार स्टेशन. तेथून पहिल्या लोकलचा मालडबा. दादरला उतरून बाजारात बसणे, अकरापर्यंत पाटी रिकामी करणे, उरलेले दलालाच्या पदरात पडेल त्या भावाने टाकणे, आणि दुपारी घरी. जेवण. मग वाडीत बेणणी आणि शिंपण, सायंकाळी पुन्हा खुडणी, जपमाळ, स्वयंपाक, भांडी. झोप नऊ-साडेनऊला. बेरीज करा, सोळा-सतरा तास भरतात. हा क्रम सुमारे पंचेचाळीस वर्षे चालला.

ही पाटी तिला सासूने दिली, आणि सासूला तिच्या सासूने. विरारहून मुंबईस रोजची आगगाडी सुरू झाली ती १८६७ च्या १२ एप्रिलला. सकाळी जाणारी एक आणि सायंकाळी परतणारी एक. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची ही गाडी साहेबांच्या आणि कारकुनांच्या सोयीची म्हणून इतिहासात लिहिली जाते. पण गाडीमुळे वसईची भाजी ताजीच्या ताजी मुंबईच्या बाजारात पोहोचू लागली, आणि भाजीबरोबर भाजीवाली पोहोचली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली तेव्हा बाय आठ वर्षांची होती. धूर नाही आणि गाडी पळते, हे पाहायला गावची पोरे रुळाकाठी गेली होती, असे ती सांगे.

येथे मला माझ्या चळवळीतली एक गोष्ट आठवते. हिंदुस्थानात गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी, १८८४ साली. त्यांची मोठी मागणी होती आठवड्यातून एक दिवस सुटीची. १८९० च्या २४ एप्रिलला मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढल्या वर्षी, १८९१ साली, कारखान्यांचा कायदा सुधारला. स्त्रियांना दिवसास अकरा तासांहून अधिक राबवू नये, आणि रात्री आठ ते पहाटे पाच त्यांना कामावर लावू नये, असे त्यात आले. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. हे सर्व आम्ही अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. परंतु बाय ज्या वेळी पाटी भरावयास उठे त्या वेळी, १८९१ च्या कायद्याप्रमाणे, कोणत्याही गिरणीमालकाला तिला कामावर बोलावण्याची मुभा नव्हती. तिला नऊ मुले झाली, सहा जगली. प्रत्येक खेपेस सव्वा महिना झाला की ती पुन्हा मालडब्यात. तिचा मालक कोण? कायदा कोणावर बजावायचा? या प्रश्नाला आमच्या चळवळीने फार वर्षे हात घातला नाही. अहमदाबादेस इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' काढली तेव्हा, पाटी डोक्यावर घेणारी बाई हीही कामगारच, असे कोणीतरी संघटना करून प्रथम नीट मांडले. आमच्यातले काही जुने पुढारी तेव्हा हसले होते म्हणतात.

रविवार मात्र बायला होता. तो लोखंड्यांनी मिळवून दिला नव्हता. तो देवळाच्या घंटेने दिला होता. (ती चर्चला देऊळच म्हणे.) हे मला प्रथम साधे वाटले, मग त्यातली गोम कळली. दादरच्या बाजारात रविवार हा चांगल्या विक्रीचा दिवस. दलाल सांगे, बाय, रविवारी ये, दोन पैसे जास्त सुटतील. ती जात नसे. गिरणीत सुटी मिळाली ती दहा हजारांच्या सभेने, अर्जांनी. येथे एकटी बाई, पाठीशी कोणी नाही, पुढे भाव चांगला, आणि तरी ती बाजारास नाही म्हणते. मी तिला एकदा विचारले की यात तुझे नुकसान किती झाले असेल. ती म्हणाली, "देवाकडं हिशेब ठेवायला मी दलाल हाय का?" याला काय उत्तर द्यायचे ते मला अजून सुचलेले नाही. मी स्वतः देवळात वा मंदिरात फारसा जाणारा नव्हे. पण विश्रांतीचा हक्क ही गोष्ट माणूस किती वेगवेगळ्या वाटांनी मिळवतो, हे त्या दिवशी ध्यानात आले.

अर्थात चुलीला रविवार नसतो. रविवारी सकाळी मिस्सा, आणि मिस्सेनंतर घरी मटण. म्हणजे वाटण जास्त, माणसे जास्त, भांडी जास्त. सुटी होती ती पाटीला.

तिच्या भक्तीविषयी दोन शब्द. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. हिशेब ती दारामागे कोळशाच्या रेघांनी ठेवी, आणि तो चुकत नसे. तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये चाले. उत्तरे तिला पाठ होती, अर्थ ठाऊक नव्हता. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते १९६५ भरली, आणि त्यानंतर येथील उपासना मराठीत आली. पहिल्याच रविवारी घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, मग इतकी वर्षे मी काय म्हणत होते? हे सांगताना ती खूप हसे. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईस आले, ओव्हल मैदानावर मोठा सोहळा झाला. त्यासाठी ती गावातल्या बायांबरोबर गेली. लग्नानंतर अठरा वर्षे मुंबईस जात होती, पण पाटीवाचून गेली ती पहिल्यानेच. पोपसाहेब लांबून दिसले की नाही याबद्दल तिची खात्री नव्हती. गाडीत बसायला बाक मिळाला, हे मात्र पक्के आठवत होते.

आता जमिनीकडे येतो, कारण सगळ्या भक्तीची आणि कष्टाची परीक्षा शेवटी सातबाऱ्यावर होते. १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला; त्या कायद्याने बायच्या नवऱ्याची वाडी त्याच्या मालकीची झाली. किंमत हप्त्यांनी भरावयाची होती. ती कुठून भरली? पाटीतून. पापडीला १९१८ साली निघालेली कॅथॉलिक पतसंस्था, जी आज मोठी बँक आहे, तिनेही या भागातल्या शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून पुष्कळ वाचवले. पण कर्जाचा हप्तादेखील कोणीतरी रोज दादरला बसून भरावा लागतो. सातबाऱ्यावर नाव लागले ते एकट्या नवऱ्याचे. त्यात त्याचा दोष नाही. तेव्हा कोणाला दुसरे सुचलेच नाही.

१९६८ साली नवरा वारला. बाय चाळीस वर्षांची, धाकटे मूल दोन वर्षांचे. ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेले मुलांत सारखे, मुलगा असो वा मुलगी. हे कलम मी कामगारांच्या बैठकीत वाचून दाखवतो तेव्हा हिंदू मित्र चकित होतात, कारण हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क देशभर मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. मात्र कायदा पुस्तकात असतो आणि हक्कसोडपत्र तलाठ्याच्या टेबलावर. बहिणींनी भावांसाठी सही करावयाची, हा रिवाज कोणत्याही धर्माचा बाप्तिस्मा न घेता सगळ्या धर्मांत नांदतो.

या ठिकाणी मला बायच्या आयुष्यातली अवघड गोष्ट सांगावी लागेल. ती टाळली तर ही हकीकत म्हणजे नुसती फुले वाहणे होईल. नवरा गेल्यावर तिने थोरल्या मुलीला शाळेतून काढले. मुलगी चौथीत होती, हुशार होती, सिस्टर घरी येऊन विनवून गेल्या. बायने ऐकले नाही. पाटी दादरला जायची तर घरी पोरे कोणी सांभाळायची? पुढे दोन मुलगे शिकले. एक रेल्वेत लागला, एक आखातात गेला. एक मुलगी शिक्षिका झाली, एक मुलगी मठात जाऊन सिस्टर झाली. धाकट्याने वाडी सांभाळली. गावात म्हणत, बायने एकटीने घर वर आणले. हे खरे आहे. पण वर आलेल्या त्या घराच्या पायात थोरली मुलगी होती. तिचे लग्न सर्वांत उशिरा झाले, आणि सही करण्यापुरती अक्षरे ती मोठेपणी धाकट्या बहिणीकडून शिकली.

१९९० च्या सुमारास वसई-विरारच्या नियोजनाचे काम सिडकोकडे आले, आणि वाड्यांच्या बांधावर बिल्डरांच्या मोटारी उभ्या राहू लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी त्या काळात पाण्यासाठी आणि हिरवळीसाठी जो लढा दिला तो आपणांस ठाऊक आहे. टँकरवाले विहिरींचे पाणी विकत घेत आणि नव्या इमारतींना पुरवीत. खाडीकडच्या विहिरी मचूळ होत चालल्या. बायच्या विहिरीलाही गिऱ्हाईक आले. धाकटा मुलगा तयार होता, आणि त्याला मी दोष देणार नाही. भाजीत मिळत नव्हते ते पाण्यात बसल्या जागी मिळत होते. बाय नाही म्हणाली. सहा महिने मायलेकांत बोलणे नव्हते. मग वाडीचा एक तुकडा विकायचा ठरला. त्याला ती कबूल झाली, पण एका अटीवर. पैसे कायद्याप्रमाणे वाटायचे, मुलींना मुलांइतकेच, आणि हक्कसोडपत्रावर कोणाही बहिणीची सही घ्यायची नाही. दोघे मुलगे रागावले. गावातील वडीलधारी मंडळी समजावण्यास आली. तिने सर्वांना चहा दिला आणि आपला शब्द मागे घेतला नाही. थोरल्या मुलीला तिच्या वाट्याचे पैसे मिळाले त्या दिवशी बाय तिला म्हणाली, "हे तुझ्या शाळंचं नाय. ते मला देता येयाचं नाय." ही गोष्ट मला थोरल्या मुलीनेच सांगितली आहे.

याच सुमारास गुडघ्यांनी दादर बंद केले. मग ती रूळ ओलांडून पूर्वेस, आमच्या फुलपाड्याच्या रस्त्यावर बसू लागली. जीवदानीच्या डोंगराखालची, पापडखिंड धरणाकडे जाणारी ही वस्ती तेव्हा भरत चालली होती. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर परळ-लालबागच्या कित्येक घरांनी खोल्या विकून इकडे बिऱ्हाडे थाटली, आमचे त्यातलेच. संपात दादर-परळच्या भाजीवाल्यांनी उधारी दिली म्हणून आमच्यासारख्यांच्या घरी कालवण शिजले. बायने तेव्हा उधारी दिली होती काय, असे मी विचारले. "दिली. समदी परत नाय आली," एवढेच म्हणाली, आणि माझ्या पिशवीत दुधी टाकून त्याचे पैसे मोजून घेतले.

पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला. आमच्या मंडळींनी रस्त्यावर बसणाऱ्यांचे अर्ज भरण्यास सुरुवात केली. बाय तेव्हा शहाऐंशी वर्षांची. नातू तिला रिक्षाने आणून सोडी, आणि दोन तासांनी घेऊन जाई. अर्जात प्रश्न होता, धंदा केव्हापासून करता? ती म्हणाली, सासूने पाटी दिली तेव्हापासून. मी लिहिले, १९४६. ज्या कचेरीत अर्ज नेला तेथील माणसाला वाटले साल चुकले आहे. त्याने ते खोडून घ्यावयास सांगितले. मी खोडले नाही. तिला ओळखपत्र काही मिळाले नाही. पण त्या रस्त्यावर तिला उठवण्याची छातीही कोणास झाली नाही.

१७३९ पासून या मुलखाचे किती हुकूम, किती तहनामे, किती जमाबंद्या कागदावर आल्या. बायचे नाव किती ठिकाणी आले याचा मी एकदा शोध घेतला. देवळाच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न, आणि नऊ वेळा 'आई' म्हणून. त्यांपैकी तिघांच्या दफनाच्या नोंदीतही. सातबाऱ्यावर १९६८ नंतर वारस म्हणून. मतदार यादीत. शिधापत्रिकेवर. काम काय करीत होती हे यांपैकी कोठेही लिहिलेले नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात ती गेली. मृत्यूची खबर देण्याचा जो नमुना असतो त्यात मृताच्या व्यवसायाचा रकाना आहे. नातवाने तो रिकामा सोडला होता. शिक्षिका मुलीने पेन घेतले, आणि लिहिण्यापूर्वी थोरल्या बहिणीकडे पाहिले. थोरली म्हणाली, "शेती लिव, भाजीविक्री लिव." तसे लिहिले. पंधरवड्याने दाखला हाती आला तेव्हा मी मुद्दाम पाहिला. दाखल्यात तो रकानाच नसतो. व्यवसायाची माहिती फक्त आकडेवारीसाठी घेतात आणि नमुन्याचा तो भाग फाडून वेगळा पाठवतात.